चार नंबरचा डावा पंख

"झालं शून्य," असं म्हणून हँगरच्या साहेबांनी गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि ते उभे राहिले.

शून्य त्यांनी फरशीवर केलं होतं. चार नंबरच्या विमानाच्या डाव्या पंखाखाली, हँगरच्या लाद्यांवर नवं डिजिटल कोनमापक ठेवून त्यांनी निळं बटण दाबलं होतं आणि पडद्यावर ०.०० असे आकडे उमटले होते. दशांश चिन्हानंतरच्या दोन घरांवर साहेबांचा फार विश्वास. त्याच्या आधीच्या घरात काय आहे, याची ते सहसा चौकशी करत नसत.

चार पावलांवर हत्यारांच्या पेटीवर बसून पाणसळ चहा पीत होता. त्याने हे पाहिलं. तोंडातला घोट त्याने जरा वेळ तोंडातच धरून ठेवला, मग गिळला.

पाणसळ हे त्याचं नाव नव्हतं. गवंड्याकडे बुडबुड्याची नळी बसवलेली पट्टी असते, भिंत किंवा फरशी सपाट आहे की नाही ते सांगणारी, ती पाणसळ. तेहेतीस वर्षांपूर्वी या उड्डाण प्रशिक्षण केंद्रात तो कामाला लागला, त्या पहिल्या दुपारी जेवणाचं टेबल हलत होतं. त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारल्याशिवाय या माणसाने डबा उघडला नाही. दुपार संपायच्या आत नाव पडलं आणि खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात जाऊन बसलं ते बसलंच.

त्याचं काम पंखांचं. पंख उतरवणं, चढवणं, ते अंगाला नेमक्या कोनात बसलेत की नाही ते बघणं. या कोनाला हँगरात इन्सिडन्स म्हणत. शाळेत आपली सगळ्यांची त्याच्याशी ओळख आपतन कोन या नावाने झालेली असते. एक आरसा, त्यावर तिरका येणारा किरण आणि आरशावर काटकोनात उभी असलेली तुटक रेघ, म्हणजे स्तंभिका. कोन त्या रेघेपासून मोजायचा असतो. आरशापासून मोजला की दोन मार्क जातात, आणि निम्मा वर्ग दरवर्षी आरशापासूनच मोजतो, कारण आरसा दिसतो आणि स्तंभिका मनात उभी करावी लागते. विमानात ना आरसा ना किरण. पंख विमानाच्या अंगाला किती तिरपा जोडलाय, तो हा कोन. पुढची कड जराशी वर, मागची जराशी खाली, सगळा मिळून दीड अंश. तो कारखान्यात ठरतो. मग विमान नाक वर करो, खाली करो, नाहीतर हँगरात उभं राहून गंजो, तो कोन बदलत नाही. समोरचा वारा पंखाला ज्या कोनात भेटतो तो निराळा. त्याला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. तो क्षणाक्षणाला बदलतो आणि वैमानिकाच्या हातात असतो. इन्सिडन्स मिस्त्रीच्या हातात असतो. म्हणून एकाला खांद्यावर पट्ट्या आणि दुसऱ्याला बॉयलर सूट.

आरसा काय आणि पंख काय, मोजण्याआधी शून्य कुठे धरायचं ते माहीत पाहिजे. विमानाचं शून्य विमानाच्याच अंगावर असतं. शेपटीकडच्या पत्र्यावर कारखान्याने दोन स्क्रू मारून ठेवलेले असतात. त्यांच्या डोक्यांवर पट्टी टेकवायची, बुडबुडा बघायचा, तिथे शून्य धरायचं, आणि मग पंखाकडे जायचं. जमिनीला यात कुणी विचारत नाही. विमानाने जमिनीवर राहावं अशी अपेक्षाच नसते.

त्यातून ही जमीन तर विचारण्याच्या लायकीचीच नव्हती. हँगरात विमानं धुतात, म्हणून लाद्या घालणाऱ्याने डाव्या अर्ध्या भागाला पुढच्या गटाराकडे उतार दिला होता. उजवा अर्धा भाग सपाट होता. हँगरातली फरशी सगळीकडे सारखी आहे असं मानणारा तिथे एकच माणूस होता आणि त्याच्याकडे सर्टिफिकेट होतं.

साहेबांनी उजव्या पंखाखालच्या लादीवर शून्य करून उजवा पंख मोजला. दीड अंश. डाव्या पंखाखालच्या उतरत्या लादीवर शून्य करून डावा मोजला. दोन अंश. साहेब दचकले, आणि दचकण्यात आनंद जास्त होता.

"अर्ध्या अंशाचा फरक? इतकी वर्षं हे असंच उडत होतं?" हे त्यांनी विचारलं विमानाला, पण पाहिलं पाणसळकडे.

पाणसळला एक वाक्य बोलायचं होतं. ते त्याच्या जिभेवर तयार होतं. पण आठवड्यापूर्वी संचालक मंडळी हँगर बघायला आली, तेव्हा साहेबांनी पंखाखाली लावायची त्याची लाकडी फळी आणि बुडबुड्याचं जुनं कोनमापक दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं होतं, आणि "हे आता म्युझियमला देऊन टाका, मिस्त्री" म्हटलं होतं. मंडळी हसली होती. प्रशिक्षणप्रमुख कॅप्टन तर मंडळींचं हसून झाल्यावरही हसत होते. ती फळी पाणसळने स्वतःच्या हाताने रंध्याने तासलेली होती. तेव्हापासून ती कपाटावर वर्तमानपत्रात गुंडाळून पडली होती.

"फिरवा," साहेब म्हणाले.

पंखाच्या मागच्या बोल्टभोवती एक चकती असते. तिचं भोक मधोमध नसतं, जरा बाजूला असतं. चकती फिरवली की पंखाची मागची कड सूतभर वर किंवा खाली सरकते. पाणसळ उठला. त्याने पाना लावला आणि साहेबांनी सांगितली तेवढी चकती फिरवली, तसूभर कमी नाही की जास्त नाही. डावा पंख, जो चांगला होता, तो अर्ध्या अंशाने बिघडला. साहेबांनी नोंदवहीत सही केली. नोंदवहीत सही साहेबांचीच असते, मिस्त्रीचं नाव तिथे येत नाही.

तपासणीची फेरी कॅप्टननी मारली. ते विमान इतकं घट्ट धरतात की विमानाला स्वतःचं मत मांडायला वाव राहत नाही. उतरल्यावर त्यांनी गॉगल न काढताच सांगितलं, लोण्यासारखं चालतंय.

त्या संध्याकाळी पाणसळने घरी सगळी गोष्ट नकलेसह सांगितली. त्याची बायको शिवणकाम करायची. साहेब गुडघ्यावर कसे बसले ते तो खाली बसून दाखवायला लागला, तेव्हा तिने दातांत धरलेल्या टाचण्या आधी काढून ठेवल्या आणि मग हसली.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? म्युझियममधल्या वस्तू बोलत नसतात."

हे वाक्य त्याला इतकं आवडलं की जेवताना त्याने ते पुन्हा एकदा म्हटलं.

पुढचे दिवस मजेत गेले. साहेब येतील, "मिस्त्री, जरा बघता का" म्हणतील, आणि मग आपण काय उत्तर द्यायचं, याची तो पाना पुसता पुसता तालीम करायचा. उत्तर रोज थोडं सुधारत होतं. साहेब मात्र येत नव्हते. ते कोनमापकाचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेण्यात गुंतले होते.

चार नंबर आता डावीकडे झुकायचं. फार नाही. हात ढिला सोडला की खांद्यावर पिशवी असलेल्या माणसासारखं एका अंगाने कलायचं. त्या विमानावर तिघं शिकत होते. त्यातल्या दोघांनी तक्रार केली. त्या दोघांचे वडील फोनवर नीट बोलू शकणारे होते, त्यामुळे दोघांना दोन नंबर मिळालं. उरली मास्तरीण.

तिला हे नाव कॅप्टननी दिलं होतं. ती तिशीची होती. सहा वर्षं शाळेत विज्ञान शिकवून मग इथे आली होती आणि विशीतल्या पोरांच्या वर्गात पहिल्या बाकावर वही घेऊन बसायची. वर्ग आणि हँगर यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत होती, त्यामुळे कॅप्टनचं अध्यापन पाणसळला बरीच वर्षं फुकट मिळत होतं. इन्सिडन्स शिकवताना कॅप्टन आधी आरसा आणि किरण काढायचे, शेजारी विमान काढायचे आणि "सेम प्रिन्सिपल" म्हणून पुढे जायचे. आरशाचा कोन ते आरशापासून दाखवायचे. कित्येक बॅचेस तो तसाच उतरवून घेऊन आकाशात गेल्या होत्या. मास्तरणीने मात्र हात वर केला आणि शांतपणे सांगितलं की सर, हा कोन स्तंभिकेपासून मोजतात, हा आरशापासूनचा झाला. कॅप्टन म्हणाले, मॅडम, इथे आम्ही विमानं शिकवतो, आरसे नाही. वर्ग हसला. ती उठली, फळ्यापाशी गेली, चुकीचा कोन पुसला, बरोबर काढला आणि जागेवर येऊन बसली. सहा वर्षांची सवय, दुसरं काही नाही. भिंतीपलीकडे पाणसळने हातातलं काम थांबवलं होतं. हिला जमेल, असं त्याने मनाशी म्हटलं होतं.

कॅप्टननी मनाशी काय म्हटलं ते तिच्या पहिल्या चाचणीच्या शेऱ्यात आलं. 'डावीकडे ओढते. हात नाही.' दुसऱ्या चाचणीचा शेराही तोच होता, फक्त त्याला 'अजूनही' जोडलेलं होतं. तिसऱ्यांदा नापास झालं की नाव काढून टाकतात. तिसरी चाचणी शुक्रवारी चार वाजता होती.

दुसऱ्या चाचणीनंतर ती हँगरात आली होती. तिथल्या माणसांत विचारण्यासारखा एकच माणूस आहे हे तिचं तिनेच हेरलं असावं.

"काका, चार नंबर डावीकडे झुकतं का हो? हात सैल केला की मला सारखं तसं वाटतं."

"कॅप्टनना विचारलंत?"

"विचारलं. म्हणाले, खडू धरून धरून हात जड झालाय."

खरं सांगायची याहून सोयीची वेळ आली नसती. पण सांगितलं असतं तर मजा तिथेच संपली असती. साहेबांचं यायचं राहिलं असतं, तालमीतलं उत्तर वाया गेलं असतं. पाणसळने चेहरा सरळ ठेवून सांगितलं, "पंख साहेबांनी स्वतः लावून घेतलाय. डिजिटलवर."

त्याला वाटलं होतं, यातला टोमणा तिला कळेल. तिला कळला नाही. टोमणा कळायला आधी साहेब कळलेले असावे लागतात. तिने मान हलवली, म्हणजे मग माझाच हात, असं काहीसं पुटपुटली आणि निघून गेली.

गुरुवारी दुपारी तो कँटीनमध्ये गेला तर ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली दिसली. डोळे मिटलेले, दोन्ही हात समोर, नसलेलं चाक धरल्यासारखे. ते नसलेलं चाक ती हळूहळू उजवीकडे वळवत होती, थांबत होती, पुन्हा थोडं वळवत होती. पुढ्यातला चहा थंड होऊन त्यावर साय धरली होती. धडधाकट सरळ बाई स्वतःला तिरकं व्हायला शिकवत होती, आणि शिक्षिका असल्यामुळे चांगलं शिकवत होती.

पाणसळने चहा घेतला नाही.

घरी त्याने हे सांगितलं ते नकलेशिवाय. बायको कुणाच्या तरी सदऱ्याला बाही लावत होती. तिने मशीन थांबवलं नाही.

"तुम्हाला साहेबांची जिरवायची होती ना? जिरली?"

"नाही अजून."

"आणि तिची?"

मशीन बाहीच्या टोकापर्यंत गेलं आणि थांबलं. तिने दोरा दाताने तोडला.

"एखाद्या गिऱ्हाइकाचा खांदा वाकडा असला तर मी माप त्याच्या अंगावरून घेते, जमिनीवरून नाही. एवढं मलासुद्धा कळतं. साहेबांना कळत नाही म्हणून ते चुकले. तुम्ही कळून चुकलात. आता यात जास्त शहाणं कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा."

शुक्रवारी सकाळी तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला. कॅप्टन तिथेच बसलेले होते. तेहेतीस वर्षांत तो त्या खोलीत इतकी लांब वाक्यं बोलला नव्हता. शून्य फरशीवर धरलं, फरशीला उतार आहे, डावा पंख अर्धा अंश खाली बसलाय, त्यामुळे विमान डावीकडे जातं, बाईंचा हात चांगला आहे. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे बोट केलं. तिथे लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट होतं. उपकरणात दोष नाही असं त्यावर लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं. कॅप्टननी मिशीवरून हात फिरवला आणि निकालाच्या दिवशीच विमान आजारी कसं पडलं याचं नवल केलं.

"दोन मिनिटं बाहेर येता का?" पाणसळ म्हणाला.

कुतूहल म्हणा, करमणूक म्हणा, दोघं आले. पाणसळने धुण्याच्या नळावरून एक बादली भरून आणली आणि चार नंबरच्या डाव्या पंखाखाली ओतली.

पाणी क्षणभर पसरलं. मग त्याने विचार पक्का केल्यासारखी दिशा धरली, साहेबांच्या बुटांना वळसा न घालता त्यांच्याखालून ते पुढच्या गटाराकडे निघालं आणि जाळीतून आवाज करत खाली गेलं. साहेबांनी एक पाय उचलला. दुसरा कुठे ठेवायचा ते त्यांना सुचेना.

पलीकडे झाडणारी बाई झाडू टेकवून उभी होती. तिला वाटलं, साहेबांना काही विचारायचंय.

"तिकडेच जातं पाणी," तिने माहिती दिली. "रोज जातं."

केबिनमध्ये परत गेल्यावर साहेबांचा आवाज मऊ झाला होता. मोजे ओले असले की माणसाचा आवाज मऊ होतो. ते म्हणाले की मिस्त्री, तुम्ही अनुभवी आहात, दुपारपर्यंत पंख पहिल्यासारखा करून टाका, नोंदवही वगैरे कशाला, शांतपणे होऊन जाईल. चाचणी चार नंबरवरच होईल आणि कुणाला काही सांगायची गरज पडणार नाही.

पाणसळच्या डोळ्यांसमोर कँटीनमधली खुर्ची आली. विमान सरळ झालं आणि तिला ते कुणी सांगितलं नाही, तर ती शिकून आलेली असेल तशी उजवीकडे ओढेल. कॅप्टनना फक्त शेऱ्यातला एक शब्द बदलावा लागेल.

"नोंदवहीत लिहा," तो म्हणाला. "उड्डाणाआधी ती वही वाचतात. लिहिलंत तर हात लावतो."

कॅप्टन म्हणाले, तसं लिहिलं तर नियमाप्रमाणे सदोष विमानावरच्या दोन्ही चाचण्या रद्द होतात, म्हणजे आम्ही चुकीचे शेरे मारले असा अर्थ होतो. पाणसळने तो अर्थ नाकारला नाही. साहेब म्हणाले, दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ. पाणसळ म्हणाला, घ्या. मग तिघंही थोडा वेळ त्या दुसऱ्या कुणाची वाट बघत बसले. तशी चकती लावता येणारा दुसरा माणूस त्या गावात नव्हता.

साहेबांनी नोंदवही ओढली. दोषाचा रकाना भरला, तारखेचा भरला, आणि 'दोषाचे कारण व जबाबदार व्यक्ती' या रकान्यापाशी पेन अडलं. ते बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. दशांश चिन्हानंतरचा एखादा आकडा सापडल्यावर उजळायचा, तसा.

"मिस्त्री, ती चकती फिरवली कुणी?"

"मी."

"तुमच्याच हाताने ना?"

"माझ्याच."

"मग तेवढंच लिहू या. त्यात खोटं काहीच नाही."

कॅप्टननी खुर्ची पुढे ओढली. असं असेल तर शेरे त्यांच्याकडून चुकले नव्हते, मिस्त्रीमुळे चुकले होते. हे त्यांना एकदम मान्य झालं. दोघांनी मिळून वाक्य तयार केलं, 'मिस्त्रीच्या हातून चकती चुकीची फिरवली गेल्याने', आणि ते दोनदा मोठ्याने वाचून बघितलं. वाक्य छान झालं होतं. त्यात साहेब नव्हते, लादी नव्हती, निळं बटण नव्हतं.

पाणसळ उभाच होता. उत्तरं त्याच्याकडे भरपूर होती, एकोणीस दिवसांची घासूनपुसून ठेवलेली. त्याने त्यातलं एकही काढलं नाही. वाक्यात खोटं काही नाही हे साहेबांचं म्हणणं त्याने मनात उलटंपालटं करून पाहिलं, शून्य कुठे धरलं तरी ते तेवढंच भरत होतं.

"नाव लिहा आणि सही करा," साहेबांनी वही फिरवून दिली.

तेहेतीस वर्षांत त्या वहीत त्याचं नाव पहिल्यांदा येत होतं. त्याने पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. मधेच हात जरा अडला. सवय नव्हती.

मग त्याने कपाटावरून फळी काढली, वर्तमानपत्र सोडलं आणि कामाला लागला. शेपटीकडच्या दोन स्क्रूंची डोकी कापडाने पुसली. पट्टी टेकवली, बुडबुडा स्थिर होईपर्यंत श्वास धरल्यासारखा थांबला, शून्य धरलं. पंखाखाली, कारखान्याने खूण केलेल्या जागी, फळी लावली आणि तिच्यावर जुनं कोनमापक टेकवलं. एक अंश. चकती सैल केली, मागची कड खाली घेतली, बोल्ट आवळला, पुन्हा मोजलं. आवळताना कोन किंचित सरकतो, म्हणून पुन्हा सैल केली, पुन्हा आवळली. दीड अंश. उजवा पंख मोजला. दीड. डावा आणखी एकदा मोजला. कुणी सांगितलं नव्हतं.

पावणेचारला मास्तरीण आली. विमानाच्या नाकापाशी उभं राहून तिने नोंदवही वाचली, पान मागे उलटलं, तारीख पाहिली, आणि पुन्हा पुढे आली. मग तिने साहेबांना काहीतरी विचारलं. पाणसळचं खरं नाव तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं. साहेबांनी हात लांब करून त्याच्याकडे बोट दाखवलं.

पाणसळ दाराशी जाऊन उभा राहिला. चार नंबर धावलं, उठलं, वळसा घेऊन परत धावपट्टीवर आलं. लांबून दोन्ही पंख आडव्या रेघेसारखे दिसत होते. एका ठिकाणी ती रेघ उजवीकडे किंचित कलली, सवयीने, आणि लगेच सरळ झाली. तिथून पुढे ती सरळच राहिली. हात होता. पहिल्यापासून होता.

कॅप्टननी शेऱ्यात लिहिलं, 'माझ्या सूचनांनंतर लक्षणीय सुधारणा. उत्तीर्ण.' त्यांनी तिचं अभिनंदन केलं. साहेबांनीही केलं, आणि गुणवत्तेच्या बाबतीत ही संस्था तडजोड करत नाही असं सांगितलं.

ती हँगरात आली तेव्हा तो फळी पुसत होता. ती समोर उभी राहिली. आनंदाने आलेली नव्हती.

"काका, चकती तुम्ही फिरवली होती?"

"हो."

"मी विचारायला आले, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

बादलीभर पाण्याची हकीगत सांगायला एक मिनिट लागलं असतं. झाडणारी बाई साक्षीला होती. साहेब, निळं बटण, म्युझियम, सगळं क्रमाने सांगता आलं असतं आणि शेवटी ती हसलीसुद्धा असती.

"माहीत होतं," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. ती नजर त्याच्या चांगल्या ओळखीची होती. कॅप्टन फळ्यावर आरसा काढायचे तेव्हा, साहेब गुडघ्यावर बसले तेव्हा, गेली तेहेतीस वर्षं जवळजवळ रोज ती त्याने वापरली होती. समोरून ती कशी दिसते, हे मात्र त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. ज्याच्याकडून पुढे काही अपेक्षा ठेवायची नाही, अशा विद्यार्थ्याला म्हणावं तसं. मग ती निघून गेली.

पाणसळने फळी वर्तमानपत्रात गुंडाळली. कपाटावर ठेवताना ती सरळ बसलीय ना हे पाहिलं. हँगर रिकामा झाला होता. सकाळचं बहुतेक पाणी गटारात गेलं होतं. डाव्या पंखाखाली, दोन लाद्यांच्या सांध्यात, एक बारीक ओली रेघ राहिली होती. उतार होता, ती आपोआप गेली असती. त्याने कोपऱ्यातला वायपर आणला आणि ती जाळीपर्यंत ओढत नेली.